कमरेला काय बांधावं: आकडी, चामड्याचा पट्टा की तयार टूल-बेल्ट?

बागेतला:
माझं मत आधीच सांगून टाकतो. आंबा-काजू-नारळाच्या बागेत काम करणाऱ्याने तो ऑनलाइन मिळणारा दहा-बारा खिशांचा टूल-बेल्ट घेऊ नये. तो सुताराचा आणि इलेक्ट्रिशियनचा पट्टा आहे. सुतार सपाट जमिनीवर उभा असतो आणि खिळे, टेप, पेन्सिल, हातोडी सगळं त्याला हाताशी लागतं. आपण उतारावर चालतो, वाकतो, झाडावर चढतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिजत असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तळ बंद असलेल्या खिशात पाणी, माती आणि पाचोळा साचतो, आणि आपल्या कोयत्या काही स्टेनलेसच्या नसतात. गावचा लोहार त्या ट्रकच्या कमानपाट्यातून घडवतो. ते पोलाद धार मस्त धरतं, पण ओल्या खिशात रात्रभर राहिलं की सकाळी तांबूस झालेलं असतं.

यावर आपल्या वाडवडिलांनी कधीच उत्तर काढून ठेवलंय: आकडी, म्हणजे कोयती अडकवायचा कमरेचा आकडा. कुठे लाकडी, कुठे लोखंडी. पातं सहज सरकेल एवढी खाच, दोरी ओवायला दोन बाजूंना भोकं, आणि ती कमरेच्या मागे बांधायची. मूठ वर, पातं खाली. न बघता उजवा हात मागे नेला की मूठ हातात येते. तळच नाही, त्यामुळे पाणी साचायचा प्रश्न नाही. पोट आणि मांड्या मोकळ्या राहतात, म्हणून नारळावर चढणाऱ्याचं अंग खोडाला नीट टेकतं. दर्जेदार म्हणून विकल्या जाणाऱ्या एकाही पट्ट्यात या सगळ्या गोष्टी एकत्र मला दिसलेल्या नाहीत.

दोरी मात्र बदला. ती कमरेत रुततेच. मी दोन इंची पॉलिएस्टर पट्टी वापरतो, गाडीच्या सीटबेल्टला असते तशी. नायलॉन भिजलं की ताणतं आणि पट्टा कमरेवरून घसरायला लागतो. स्वस्तातली पॉलिप्रॉपिलीनची पट्टी उन्हात पिठूळ होते. कापलेलं टोक मेणबत्तीवर जरा वितळवा, म्हणजे धागे सुटत नाहीत. शिलाई चौकोन काढून आत फुली अशी घाला, आणि धागा पॉलिएस्टरचाच घ्या, सुती धागा कोकणातल्या पावसात कुजतो. मागे आकडी, डाव्या बाजूला कात्रीचं म्यान, बस. तिसरी वस्तू अडकवायची नाही.

कातडीकाम:
पट्टीचं म्हणणं मान्य, पण चामड्याचं नावही काढलं नाहीत हे काय पटलं नाही. बाजारात 'लेदर' म्हणून जो टूल-बेल्ट मिळतो, तो बहुतेक वेळा क्रोम टॅनिंगच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या, अस्तराच्या चामड्याचा असतो, नाहीतर रेक्झिनचा. त्यावरून चामड्याची परीक्षा करू नका. आमच्या कोल्हापूरकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं मिळतं, कोल्हापुरी चपलेचं. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र-कर्नाटक दोन्हीकडच्या जिल्ह्यांना मिळून. हे कातडं ओलं करून कोयतीच्या आकारावर दाबून वाळवलं की तो आकार कायम धरतं. पट्टीला हे कधी जमायचं नाही.

म्यान असं करा. दोन थर, आणि मधे धारेच्या बाजूने चामड्याची एक अरुंद पट्टी, म्हणजे धार टाक्यांवर न येता पट्टीवर येते. ही मधली पट्टी घातली नाही तर कोयती आतूनच शिलाई कापत जाते आणि एक दिवस म्यान उसवतं. आरीने भोकं पाडायची, मेण लावलेला धागा, दोन दाभणं, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की पुढचे सुटत जातात, या शिलाईत तसं होत नाही. टोकाला पाणी जायला भोक ठेवा. हाताने केलेलं असं म्यान पुढे पोरालाही वापरता येतं.

बागेतला:
म्यान उत्तम, यात वाद नाही. पण दादा, तुमच्या आणि आमच्या पावसात फरक आहे. जुलैत घरात टांगलेल्या चामड्यावरसुद्धा आमच्याकडे बुरशी चढते. पावसात भिजलेलं म्यान वाळायला ऊनच नसतं, आणि ओल्या कातड्यात ठेवलेली कोयती उघड्यावर ठेवलेल्या कोयतीपेक्षा लवकर गंजते.

कातडीकाम:
म्हणूनच सांगतो, घरी आल्यावर कोयती म्यानात ठेवायचीच नाही. म्यान कामापुरतं. पावसाळ्याआधी मेण आणि एरंडेल गरम करून चोळायचं. चुलीजवळ वाळत घालू नका, तडकतं. एवढी देखभाल करायची तयारी नसेल तर चामडं घेऊ नका, हे मीही म्हणेन.

उंचीवरचं_काम:
मी कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो, त्यामुळे कदाचित कडक बोलेन. आकडीचं कौतुक वाचून काळजी वाटली. पाठीच्या कण्याजवळ उघडं पातं? शेवाळलेल्या जांभ्यावरून पाय घसरला की माणूस बहुतेक वेळा मागेच पडतो. पडताना कमरेच्या मधोमध काहीही कडक असलं, धार असो वा नसो, तर मणक्याला मार बसतो. आणि पायवाटेने मागून येणाऱ्याच्या मांडीच्या उंचीला ते पातं लोंबतंय, याचाही विचार करा.

आकडी मधोमध न बांधता उजव्या कुल्ल्याच्या मागच्या अंगाला घ्या, हाताला तेवढीच जवळ पडते. पात्याला झाकण हवंच. चामडं नको असेल तर बागेत ठिबकचा किंवा पाण्याचा पीव्हीसी पाईप उरलेला असतोच. हातभर तुकडा कापून गरम हवेने मऊ करायचा, दोन फळ्यांमध्ये दाबून चपटा करायचा, थंड होऊ द्यायचा. दोन्ही तोंडं उघडी ठेवा. थेट जाळावर धरू नका, पीव्हीसी जळालं की निघणारा धूर घातक असतो. पाणी साचत नाही, बुरशी येत नाही, आणि पैसे जवळजवळ शून्य.

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: भंगारातल्या सीटबेल्टची पट्टी अवजार टांगायला चालेल, पण तिला दोर बांधून झाडावर स्वतःला अडकवू नका. पडणारं शरीर पेलायला खांद्या-मांड्यांनाही पट्टे असलेला हार्नेस असतो, कमरेचा पट्टा नव्हे. नुसत्या कमरेवर झटका बसला तर माणूस वाचूनही आतून जखमी होतो.

बागेतला:
शेवटचा मुद्दा सगळ्यांनी लिहून ठेवावा. आकडी बाजूला सरकवण्याचंही पटलं. पीव्हीसीवर मात्र माझा आक्षेप आहे. आकडीत कोयती एका हाताने, न बघता, परत जाते. झाडावर असताना दुसऱ्या हाताने फांदी धरलेली असते. पाईपाच्या चपट्या तोंडात कोयतीचं वाकडं टोक शोधत बसावं लागतं, आणि शोधताना माणूस मान वळवून मागे बघतो. तोल तिथेच जातो. झाकण चालताना हवं, झाडावर नको.

उंचीवरचं_काम:
तोंडाकडची बाजू कर्ण्यासारखी रुंद करता येते, गरम असतानाच. पण कोयतीचा बाक जास्त असेल तर तुमचं म्हणणं खरं आहे, तिथे पाईप चालणार नाही. मग चढण्याआधी झाकण काढा आणि उतरलात की परत लावा.

नाशिकची_बाग:
सगळी चर्चा कोयती आणि पुरुषांच्या कमरेभोवती फिरतेय. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्हीला मजूर म्हणून मोठ्या संख्येने बायका असतात. साडी, वरून नवऱ्याचा नाहीतर भावाचा जुना शर्ट. साडीला खिसा नाही, शर्टाचा खिसा छातीवर. मग कात्री ठेवायची कुठे? कमरेच्या ओच्यात खोचतात, नाहीतर हातातच धरून ओळीतून चालतात. पाणी प्यायला थांबल्या की कात्री तारेला अडकवतात आणि मग ओळभर शोधतात.

आमच्या बागेत मी जाड कॅनव्हासचे पट्टे शिवून घेतले, गावातल्या बॅगा शिवणाऱ्याकडून. कमरेला आवळायचे नाहीत. डाव्या खांद्यावरून तिरपे उजव्या कुशीला. एकच म्यान, तळ उघडा, कात्रीची टोकं बाहेर न येतील एवढं लांब. दिवसभर हात वर करून मांडवाखाली काम करणाऱ्या बाईला कमरेचा करकचून बांधलेला पट्टा नको असतो, आणि परकरची नाडी, साडीच्या निऱ्या, त्यावर आणखी पट्टा म्हणजे काच पडतो. आकडी असो, चामडं असो, तुमच्या कोणत्याच उत्तरात ही बाई नाही.

बागेतला:
ताई, बरोबर आहे. आमच्याकडेही काजू वेचायला आणि रान काढायला बायकाच असतात, त्यांच्याकडे विळा असतो. पण तिरपा पट्टा वाकल्यावर पुढे झुलतो. विळ्यासारखं उघडं पातं असेल तर तो पोटाशी येणार. कात्री मिटते, तिला खटका असतो, म्हणून तुमच्याकडे चालतं.

नाशिकची_बाग:
त्यासाठी पट्ट्याला कुशीपाशी एक बारीक नाडी जोडा आणि ती शर्टाच्या खालच्या काजातून ओवून बांधा. झुलत नाही. विळ्याला मात्र झाकण हवं, तिथे सुरक्षावाल्या दादांचं ऐका.

घाटवाटा:
थोडं वेगळं. आम्ही गडांवर संवर्धनाला जातो. तटबंदीत रुजलेले पिंपळ-उंबर काढायचे, पाण्याची टाकी मोकळी करायची. (संरक्षित गडावर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय एक मूळही उपटायचं नाही. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर जास्तच जपायला हवं.) पाठीवर सॅक असते, तिचा स्वतःचा कंबरपट्टा असतो. दोन पट्टे एकावर एक बसत नाहीत. सॅकचं वजन कुल्ल्याच्या हाडावर यायला हवं ते अवजारांच्या पट्ट्यावर येतं आणि सॅक खांद्याला लोंबते. मागची आकडी तर सॅकच्या तळाशी सरळ घासते. त्यामुळे माझं मत: चढताना कमरेला काहीच नको. कोयता गुंडाळून सॅकमध्ये, वर पोहोचल्यावर पट्टा बांधा.

याला दुसरंही कारण आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने शेतीच्या अवजारांना सवलत दिलेली असली तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना शहरातल्या स्टँडवर कमरेला कोयता लावून उभं राहणाऱ्याला पोलिसांनी हटकलं तर तक्रार करायला जागा नाही. गावात जे रोजचं आहे, ते स्वारगेटला तसं दिसत नाही.

कातडीकाम:
हे मात्र म्यानाच्या बाजूने जातंय बघा. आकडीत टांगलेली कोयती गुंडाळणार कशात? गोणपाटात?

घाटवाटा:
गोणपाटातच, वरून सुतळी. वर्षानुवर्षं तेच करतोय आणि उत्तम चालतं.

बागेतला:
मला अजूनही आकडीच योग्य वाटते, फक्त तिची जागा बाजूला आणि चालताना पात्यावर झाकण. सॅकवाल्यांसाठी ती नाही, हे मान्य. नाशिकच्या ताई, तो बॅगावाला तिरपा पट्टा कापताना लांबी कशी ठरवतो? काजूच्या हंगामाआधी इथल्या बायकांसाठी काही करून घ्यायचे आहेत, आणि एकाच मापाचे केले तर निम्म्या जणींना बसणार नाहीत.

नाशिकची_बाग:
माप घेऊ नका. पट्टी लांबच ठेवा, दीड मीटर, आणि खांद्याच्या पुढच्या अंगाला शाळेच्या दप्तराला असतं तसं सरकतं बक्कल लावा. बक्कल मागे लावलं तर प्रत्येकीला दुसरीकडून ओढून घ्यावं लागतं. रुंदी दीड इंच पुरते, दोन इंची पट्टी मानेला लागते. आणि शिवण्याआधी एकीला घालून दिवसभर काम करू द्या, तीच सांगेल म्यान कुठे हवं ते.