नवीन वर्षात स्थानिक इतिहासाचं लिखाण परत सुरू करायचंय, कुठून धरू?

दोन वर्षं हात लावला नाहीये. चार फायली भरून नोंदी, झेरॉक्स, मोबाईलमधे शेकडो फोटो, आणि कुठला कागद कुठून घेतला तेच लिहिलेलं नाही. १ जानेवारीपासून बसायचं ठरवलंय पण फाईल उघडली की घाबरायलाच होतं.

जुनीवही: फायली राहू देत, कागद कुठे पळून जात नाहीत, आधी म्हातारी माणसं गाठ आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड कर. मी एका आजोबांना पुढच्या महिन्यात येतो म्हणालो नि ते गेलेच, अजून लागून राहिलंय मनाला.

खोडरबर: +१. बाकी जुन्या फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिल घ्या. आणि जुन्या कागदात शालिवाहन शकाचं वर्ष दिसलं की इसवी सन काढायला सरसकट ७८ मिळवू नका हां, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९ मिळवायचे असतात. शके १८०० चा माघ म्हणजे १८७९. माझा अख्खा लेख यापायी एक वर्ष मागे होता 😄

प्रश्नकर्ता: अरे देवा, माझ्याकडे सगळीकडे ७८च मिळवलेत!! बसतो आता दुरुस्त करत. आजोबांचं मात्र पटलं, रविवारी दोन म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन येतो.