उतरायची तयारी कोण करणार?
युरोपच्या सहलीची तयारी म्हणून "रोज दहा हजार पावलं झाली की पुरे" असं म्हणतात. पॅरिस-रोमपुरतं ते ठीक आहे, डोंगरवाटांना नाही. मीही शिवाजी पार्कच्या फेऱ्या मारल्या, शिवाय सोसायटीचे अकरा मजले रोज दोनदा चढलो. गुडघे जपायचे म्हणून उतरायचो मात्र लिफ्टने! स्वित्झर्लंडमध्ये चढ निभावले. पण क्लाइने शायडेग खिंडीतून ग्रिंडेलवाल्ड गावात पायी उतरलो, म्हणजे 2,061 मीटरवरून जवळपास हजार मीटर खाली, आणि दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना टॉवेलच्या दांडीला धरावं लागलं. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं ते वेगळंच.

उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. दुखतं ते त्यामुळे, आणि त्याची सवय उतरूनच होते. पुढच्या खेपेला उलटं केलं. लिफ्टने वर, जिन्याने खाली, शेवटच्या महिन्यात पाठीवर पाच किलोची सॅक. (वॉचमन रोज विचारायचा, "साहेब, लिफ्ट बंद आहे का?") रविवारी कान्हेरीच्या पायऱ्या. या वेळी मांड्या भरून आल्या, पण दांडी धरावी लागली नाही.

अजून एक, स्वित्झर्लंडच्या पायवाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर सहसा किलोमीटर नसतात, लागणारा वेळ असतो, तोही विश्रांती न धरता. आपली फोटो काढत, थेपले खात चालणारी मंडळी, तेव्हा दीडपट धरा. आणि निघण्याआधी पायाची नखं कापा.