मदत हवी आहे: दोन ट्रकच्या मधे परत डावीकडे यावं का?

एका दिशेला दोन लेन, वाहतूक डावीकडून. डाव्या लेनमध्ये एकामागे एक ट्रक ताशी ८० किमीने, आपण उजव्या लेनमधून ९० ने त्यांना ओलांडतोय. फरक सेकंदाला जेमतेम २.८ मीटर. मागेपुढे दोन-दोन सेकंदांचं अंतर धरलं तर १६ मीटरचा ट्रक ओलांडायला ४० सेकंद, म्हणजे जवळपास किलोमीटरभर रस्ता लागतो. दोन ट्रकमध्ये १५० मीटर जागा असेल तर तिथे जास्तीत जास्त २० सेकंद मिळतात. मागे कोणी नसेल तर उजवीकडेच राहणं मला पटतं. उगाच दोनदा लेन बदलली की ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या भागाचा) धोकाही दोनदा.

पण मागून वेगात गाडी आली तर? इंडिकेटर देऊन आत शिरावं, की वेगमर्यादा परवानगी देत असेल तर १०० करून दुसराही ट्रक उरकावा? आणि आतल्या आरशात मागच्या ट्रकचे दोन्ही हेडलाइट दिसले की आत यायचं, हा ठोकताळा ८० च्या वेगाला पुरतो का?