तारू बंदराला लागण्याआधी मेलेल्यांचे तारण

वसईचे मास्तर
काल येथे एका सद्गृहस्थांनी ठामपणे लिहिले की, ज्याच्या कानी सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, पडली नाही तो नरकातच जाणार, आणि कोकणातले आपले पूर्वज त्यात येत असतील तर येवोत, त्यासाठी वचन बदलत नाही. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. वसई पोर्तुगिजांकडे गेली १५३४ साली. म्हणजे १५३३ मध्ये वारलेला आमचा एखादा शेतकरी पूर्वज कायमचा अग्नीत, आणि पुढे डोक्यावर पाणी पडलेला त्याचाच मुलगा स्वर्गात, असा हा हिशेब झाला. वाऱ्याने गलबत वर्षभर अलीकडे आणले असते तर बापही वाचला असता! संत फ्रान्सिस झेवियर जपानात गेले तेव्हा तेथील नवख्रिस्ती आपल्या मेलेल्या वाडवडिलांसाठी रडले, आणि त्यांच्यासाठी आता काहीच उपाय नाही, असे झेवियरना सांगावे लागले. त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही दुःख होते, हे त्यांनी १५५२ च्या पत्रात स्वतःच लिहिले आहे. कालच्या लेखकाला तेवढेही दुःख झालेले दिसत नाही.

दाभोळखाडी
मास्तर, तो लेख माझाच होता, आणि आपल्या वयाचा मान राखूनच उत्तर देतो. दुःख होणे आणि सिद्धांत चुकीचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकल्यावाचून विश्वास कसा ठेवतील आणि घोषणा करणाऱ्यावाचून ऐकतील कसे, हे प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात विचारले आहे. न ऐकणाराही सुरक्षित असेल, तर १८२३ साली बाणकोटला आलेल्या स्कॉटिश मिशनरींनी आमच्या आजोबा-पणजोबांचे नुकसानच केले म्हणायचे, कारण तोवर अज्ञानामुळे सुटत असलेल्यांना त्यांनी नकार देण्याची संधी आणून दिली. शिवाय तुमच्याच कॅथलिक ख्रिस्तसभेच्या फ्लॉरेन्स परिषदेने १४४२ मध्ये काय लिहिले ते पाहावे. मरणापूर्वी ख्रिस्तसभेत न आलेले मूर्तिपूजक, यहुदी आणि पाखंडी या सर्वांना तिने अग्नीतच धाडले आहे. माझे मत त्यापुढे सौम्य ठरेल.

वसईचे मास्तर
फ्लॉरेन्सचे शब्द कडक आहेत, ते मी लपवत नाही. पण त्यांचाच अक्षरशः अर्थ धरून बसलेल्या बॉस्टनच्या फादर लिओनार्ड फीनी यांचे काय झाले, तेही सांगा. १९४९ मध्ये रोमने त्यांचा अर्थ नाकारला आणि बोलावणे येऊनही ते गेले नाहीत म्हणून १९५३ मध्ये त्यांना बहिष्कृत केले. ख्रिस्तसभेबाहेर कोणाचेच तारण नाही असे सांगणारा गृहस्थ स्वतःच बाहेर राहिला! पुढे १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट लिहिले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाला शोधतात आणि कृपेच्या प्रेरणेने सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. अज्ञान तारते असे कोणीही म्हटलेले नाही. तारते ती कृपाच, आणि ती पाद्रीबाबाच्या तारवाची वाट पाहत बसत नाही. बायबलातल्या कर्नेल्य या रोमी शताधिपतीचे दान आणि प्रार्थना, येशूचा शिष्य पेत्र सुवार्ता घेऊन येण्याआधीच देवापुढे पोहोचल्या होत्या.

दाभोळखाडी
मग यापो गावी समुद्रकिनारी राहणाऱ्या चांभाराच्या घरातून पेत्राला बोलावून आणायची यातायात कशासाठी? प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात लिहिले आहे की, ज्या शब्दांनी तुझे तारण होईल ते शब्द पेत्र तुला सांगेल, असे देवदूताने कर्नेल्याला सांगितले होते. ‘होईल’ हे क्रियापद भविष्यकाळी आहे, हे मास्तरांना मी काय शिकवावे?

गुहागरचा वाचक
मी हिंदू आहे आणि तुमच्या भांडणात पडण्याचा अधिकार मला नाही; तरी विषय आमच्याच मरणोत्तर पत्त्याचा असल्यामुळे लिहितो. कार्ल राहनर नावाचे जर्मन धर्मपंडित आमच्यासारख्यांना ‘अनामिक ख्रिस्ती’, म्हणजे स्वतःला नकळत ख्रिस्ती असलेले, म्हणत, हे येथेच वाचले होते. माझे आजोबा व्याडेश्वराच्या देवळात रोज जात. त्यांना न विचारता हे नाव त्यांना चिकटवणे मला नरकाइतकेच अपमानास्पद वाटते. अर्थात गीतेच्या नवव्या अध्यायात, इतर देवांना भजणारेही अविधिपूर्वक मलाच भजतात, असे श्रीकृष्ण म्हणतात. तेव्हा आमच्या घरीही हीच खोड आहे, हे नाइलाजाने कबूल करतो.

वसईचे मास्तर
हा टोला मान्य. पण मुळात ‘ऐकले’ म्हणजे काय? माझी आजी जन्माची कॅथलिक होती आणि दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाई. ती मिस्सा लॅटिनमध्ये असे आणि आजीला त्यातले अक्षरही कळत नसे. ती मण्यांची माळ ओढी, घंटा वाजली की डोके लववी आणि घरी येई. मराठी मिस्सा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आली, तेव्हा आजी नव्हती. तिने शुभवर्तमान ऐकले होते का?

दाभोळखाडी
मास्तर, हे तुम्हीच बोललात ते बरे झाले! रोमने वचन कुलपात ठेवले, ते आमच्या प्रोटेस्टंट लोकांनी उघडले. १८११ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला.

वसईचे मास्तर
त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून झाले होते. छापखान्याचा तोरा मिरवण्याआधी सनावळी पाहत जावी.

गुहागरचा वाचक
आणि १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने कोंकणी बोलण्यावरच बंदीचा हुकूम काढला. लोकांची जीभ कापायची आणि मग त्यांनी ऐकले का म्हणून विचारायचे, हे फारच झाले.

दाभोळखाडी
त्या पापाचा हिशेब माझ्या मंडळीकडे मागू नये. आणि आजीच्या माळेचे कौतुक पुरे. न समजता केलेल्या पोपटपंचीने कोणाचे तारण होत नाही.

वसईचे मास्तर
माझ्या आजीला पोपट म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

वेंगुर्ल्याची लेक
मास्तरकाका, थांबा, मला यांनाच एक विचारायचे आहे. माझी आई लग्नानंतर ख्रिस्ती झाली. तिचे वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढायला, जात. वाटे पडले की आपल्या वाट्यातला पहिला मासा ते शेजारच्या विधवा बाईच्या दारात ठेवत आणि तिने पाहण्याआधी निघून जात. ते वारले तेव्हा आई वीस वर्षांचीही नव्हती, आणि तोवर त्यांच्या घरात येशूचे नावही कोणी काढले नव्हते. पुढे एका प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने आईला सर्वांसमक्ष सांगितले की, तुझे वडील आज जळत आहेत. आई त्यानंतर वीस वर्षे प्रार्थनासभेला गेली नाही. बायबल मात्र रोज वाचत असे. दाभोळखाडीभाऊ, त्या दिवशी सुवार्ता कोणी कोणाला सांगितली? आणि आणखी एक सांगा. करजगावचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. पुलावरून चालत गेलेला स्वर्गात आणि पूल बांधणारा नरकात, असे तुमच्या वचनात आहे का?

दाभोळखाडी
ताई, त्या उपदेशकाने जे केले ते मी केले नसते. आमच्या पूर्वजांना सुवार्ता देणाऱ्या स्कॉटिश मंडळींचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची लेखी कलमे, सतराव्या शतकातला आहे. निसर्गाच्या प्रकाशाने कितीही चांगले वागले तरी तारण नाही, असे त्यात निक्षून सांगितले आहे. पण त्याच्याच आधीच्या कलमात, बाह्य पाचारण, म्हणजे प्रचारकाचे बोलावणे, ज्यांच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही अशा देवाने निवडलेल्यांनाही आत्मा हवे तेव्हा आणि हवे तसे तारतो, असेही आहे. तिथे मुख्यतः तान्ह्या मुलांचा विचार आहे, तुमच्या आजोबांचा नाही, असे आमचे पाळक म्हणतील. मी एवढेच म्हणतो की, तुमचे आजोबा कोठे आहेत हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखे मी परवा लिहायला नको होते. पुलाच्या प्रश्नाला आज माझ्याकडे उत्तर नाही. ‘पोपटपंची’ हा शब्दही मागे घेतो. मास्तरांनी याला विजय समजू नये.

वसईचे मास्तर
समजत नाही. आजीची माफी पोहोचली. भविष्यकाळी क्रियापदाचे उत्तर मात्र माझ्याकडे बाकी आहे, ते मूळ ग्रीक पाहून उद्या देतो.