बुटीबोरीत प्रेसवर बोट गेलं, ठेकेदार ४० हजारांत मिटवतो म्हणतो

हिंगणा_रोड: ओळखीतला मुलगा, वय ३०, बुटीबोरी एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॉवर प्रेसवर हेल्पर. पगार १४,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये डाव्या तर्जनीची दोन पेरं गेली. ठेकेदार ४० हजार देतो, पण कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही मागतो. कंपनी म्हणते, तो आमचा माणूसच नाही. दावा कुठे करायचा?

कामगारकट्टा: सही अजिबात नको. आणि दाव्याआधी ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं पाहा भाऊ. २१,००० पर्यंत पगारवाल्याला ईएसआय लागतं. त्याच्या स्लिपवर ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये कपात दिसायला हवी. ईएसआय असेल तर १९२३ च्या भरपाई कायद्याखाली दावा चालतच नाही, ईएसआय कायद्याचं कलम ५३ आडवं येतं. हे न विचारता केस टाकणारे वकीलही आहेत.

ईएसआयमध्ये रजेच्या काळात सरासरी रोजच्या ९० टक्के मिळतात, नंतर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं. ११ टक्के धरले तर ढोबळ हिशेबाने महिन्याला १,४०० च्या आत-बाहेर, पण आयुष्यभर.

हिंगणा_रोड: स्लिपवर कपात नाही. ईएसआय नंबर आहे, पण तो अपघातानंतर चार दिवसांनी काढलेला दिसतो.

कामगारकट्टा: हे नेहमीचंच. अशा नंबरवर ईएसआयवाले चौकशी लावतात. अपघाताआधीचं हजेरी कार्ड, गेट पास, बँकेत जमा झालेला पगार, जे असेल ते नागपुरात गणेशपेठच्या ईएसआय ऑफिसात लेखी अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. ते पैसे महामंडळ मालकाकडून वसूल करतं. अपघात पुस्तकात, म्हणजे फॉर्म ११ मध्ये, नोंद आहे का आणि फॉर्म १२, म्हणजे अपघाताचा अहवाल, गेला का, हेही विचारा.

दावा_अर्ज: आस्थापना ईएसआयच्या कक्षेतच नसेल तरच १९२३ च्या भरपाई कायद्याचा हा हिशेब. पगाराचे ६० टक्के ८,४००. वय ३० चा गुणक (कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा) २०७.९८. गुणाकार १७,४७,०३२. तर्जनीची दोन पेरं म्हणजे अनुसूचीत ११ टक्के, म्हणून १,९२,१७३ रुपये. आता ४० हजारांशी ताडून पाहा.

रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते. महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मुदत दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत. महाराष्ट्रात अर्ज कामगार न्यायालयात करायचा. ठेकेदार आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. भरपाई कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मूळ मालक, म्हणजे कंपनी, सुटत नाही, तो भरून नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. त्याआधी दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस, पोच जपून. (२१ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अपघाताला सामाजिक सुरक्षा संहिता लागते, तुमच्याला जुनाच कायदा.)

स्टॅम्प पेपरवरची तडजोड न्यायालयात नोंदवली नाही तर तिला जोर नाही. तरी सही झालेला कागद साक्षीत त्रास देतोच.

मेयो_चौक: बऱ्याच केसेस पहिल्या दिवसाच्या केस पेपरमुळे हातच्या जातात. सुपरवायझर सोबत जातो आणि डॉक्टरला सांगतो, 'गाडीवरून पडला.' तेच लिहिलं जातं. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातून केस पेपर आणि एमएलसीची (पोलिसांसाठीच्या वैद्यकीय नोंदीची) प्रमाणित प्रत आधी काढा, मग नोटीस. चुकीचं लिहिलं असेल तर सोबतच्या कामगारांचे जबाब लागतील, ते नोकरीत असेपर्यंतच मिळतात.

दुसरी गोष्ट, 'गार्ड (मशीनचं सुरक्षा कव्हर) त्यानेच काढलं' हा मालकाचा बचाव येणारच. कामगाराने जाणूनबुजून काढलं हे मालकाला सिद्ध करावं लागतं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार टाका. तपासणीत प्रेसला गार्ड होतं का, दोन हातांचं बटण (दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही ते) चालू होतं का, ते नोंदीवर येतं. आता उशीर झालाय, मशीन बदललं असू शकतं, म्हणून या आठवड्यातच.