मँडोलिन: भूप राग वाजवताना तार बदलली की हात अडखळतो, पलटे (सरावाच्या स्वररचना) कसे बनवू?

मिरजेची_मी: माझे सर सतारीचे. बिलावल रागाचे सरळ आरोह-अवरोह मँडोलिनवर आता छान जातात. सा मोकळ्या, म्हणजे बोट न दाबलेल्या, ‘डी’ तारेवर. पण भजनं बहुतेक भूपातली आणि तिथे ग वरून प वर जाताना उजवा हात हमखास अडखळतो. सर म्हणतात, ‘तुझे पलटे तू बनव.’ म्हणजे नेमकं काय करू?

जुना_वाद्यवृंदवाला: ताई, सरांचं अगदी बरोबर आहे. मी शिकवतो तेव्हा छापील पलट्यांची वही बंदच ठेवतो. आधी आपली अडचण बोटांनी मोजायची. बिलावलात सारेगम ‘डी’वर, पधनिसां ‘ए’वर, चार-चार स्वर. घाव डाऊन-अप, डाऊन-अप, म्हणजे एक वरून खाली, एक खालून वर, म्हणून नवी तार नेहमी डाऊननेच सुरू होते. भूपात सारेग आणि पधसां, तीन-तीन. ग डाऊनवर आला की प अपवर येतो! तुमच्या हाताला त्याची सवयच नाही. डावा हात बिचारा निर्दोष आहे.

आता पलटा बनवा. डावा हात काढून घ्या. मोकळी ‘डी’ तीनदा, मोकळी ‘ए’ तीनदा, घाव सलग डाऊन-अप. दादऱ्याचा ठेका लावा, सहा मात्रांत बरोबर बसतं. मग फक्त गप गप: एकदा ग डाऊनने, एकदा अपने. नंतर पंचम, म्हणजे प, मोकळ्या तारेऐवजी ‘डी’च्या सातव्या पडद्यावर करंगळीने घ्या, आता ‘डी’वर चार स्वर झाले आणि ध डाऊनने आला. फरक कानाला लगेच कळेल. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मात्र मी फार आग्रहाने सांगतो.

आठतारी: एक भर घालते. कर्नाटक संगीतातले यू. श्रीनिवास पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन वाजवत. आपल्याकडे तारांच्या जोड्या, आणि अपच्या घावात पुष्कळदा जोडीतली एकच तार लागते. मग तो प किडकिडा ऐकू येतो आणि हात अडखळल्यासारखा वाटतो. नुसत्या अपच्या घावांनी सारेग पधसां अगदी संथ वाजवा, प्रत्येक स्वराला दोन्ही तारा लागल्याच पाहिजेत. पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, खोल घालू नका.

मिरजेची_मी: गप गप वाजवलं! ग अपने घेतला की सुरळीत, डाऊनने घेतला की अडखळ. म्हणजे दुखणं तेच. हेच ‘जी’-‘डी’ आणि ‘ए’-‘ई’ वर चालेल का?

जुना_वाद्यवृंदवाला: चालेल की. शेजारच्या दोन जोड्यांत सा-पचंच अंतर असतं, त्यामुळे पडदे आणि बोटं तीच राहतात. मोकळ्या ‘जी’ला सा माना, नाहीतर ‘ए’ला. ‘ई’च्या बारीक तारांवर घाव हलका ठेवा.

मिरजेची_मी: मग दुर्गा रागही तसाच की! सारेम ‘डी’वर, पधसां ‘ए’वर, पुन्हा तीन-तीन. उद्याचा पलटा मपमप, म डाऊनने.