'पोस्टकार्डाने कुलूप उघडत नसतं' म्हणे!

नारायणपेठकरीण
परवा इथल्या एका सदस्यांनी आमच्या रविवारच्या पत्रलेखनावर पोस्ट टाकली. अमेरिकेतल्या तुरुंगांत पडलेल्या वंशभेदविरोधी कार्यकर्त्यांना पत्रं लिहायला नवी पेठेत सतरा माणसं जमतात, याचं त्यांना भारी हसू आलं. "पोस्टकार्डाने कुलूप उघडत नसतं, आधी आपल्या गल्लीतला खड्डा बुजवा," इति. खाली टाळ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर द्यायला घेतलं, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

टिळकांपासून सुरू करते, म्हणजे पेठेत तरी कुणी ऐकेल. १८९७ ला राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. त्यांना सोडा म्हणून विलायतेत जो अर्ज झाला, त्यावर ऑक्सफर्डच्या संस्कृत पंडिताची, मॅक्स म्युलरची सही होती. ज्याने जन्मात हिंदुस्थान पाहिला नाही त्या माणसाची! टिळक मुदतीआधीच, १८९८ त बाहेर आले. ऑक्सफर्डात तेव्हा खड्डे नसावेत बहुतेक. त्याच्याही आधी, १८७३ ला, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या लोकांना. गंज पेठेत बसून. तेव्हा ही खोड पुण्याची जुनीच आहे.

आणि कुलपाचंच म्हणाल तर अँजेला डेव्हिस घ्या, अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कम्युनिस्ट प्राध्यापिका. ऑक्टोबर १९७० ला अटक. खून, अपहरण, कट असे आरोप. जगभरातून पत्रं गेली. पूर्व जर्मनीतल्या शाळकरी पोरांनी कार्डांवर गुलाब काढून पाठवले, पोत्यांनी. ४ जून १९७२ ला ज्युरीने निर्दोष सोडलं, आणि त्या ज्युरीत एकही काळा माणूस नव्हता. बोला आता.

हिशेबनीस (निवृत्त)
बोलतो. ती पोस्ट माझीच, नाव घ्यायला लाजू नका.

ताई, ज्युरीने सोडलं ते पुरावा तोकडा पडला म्हणून, गुलाबांचे रंग बघून नव्हे. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असा हा हिशेब. आणि गुलाब काढायला लावणाऱ्या त्या पूर्व जर्मनीच्या स्वतःच्या तुरुंगांत कोण होतं? १९७२ सालीच यिरी पेलिकान या परागंदा चेक नेत्याने डेव्हिसबाईंना जाहीर पत्र लिहिलं होतं, की आमच्याकडच्या राजकीय कैद्यांसाठीही बोला. लांबच्या कैद्याचा कळवळा स्वस्त पडतो, हे माझं म्हणणं.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी लढणाऱ्या लेनर्ड पेल्टियरचं नाव तुमच्या यादीत असणारच. १९७७ ला दोन जन्मठेपा. मंडेलांनी रदबदली केली, दलाई लामांनी केली. सुटला कधी? फेब्रुवारी २०२५. तोही बायडननी खुर्ची सोडता सोडता शिक्षा बदलली म्हणून, आणि तीही माफी नव्हे, घरात नजरकैद. पन्नास वर्षांची पोस्टकार्डं तराजूत घाला आणि सांगा. शिवाय त्या प्रकरणात एफबीआयचे दोन एजंट मेले, त्यांच्या बायकापोरांना कोण पत्र लिहितं?

चिंचवडचा फिटर
मेले ते मेले, वाईटच. पण त्या न्यायाने मंडेलांनाही कुणी पत्र लिहायला नको होतं. कैद्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ॲम्नेस्टी संस्थेने १९६४ ला तेच केलं, हिंसेचा मार्ग धरला म्हणून त्यांना आपल्या 'विवेकबंदी' (निव्वळ मतांपायी तुरुंगात पडलेल्यांच्या) यादीत ठेवलं नाही. अमेरिकेच्या दहशतवादी यादीतून त्यांचं नाव २००८ ला निघालं. आज त्यांच्या फोटोला हार घालायला सगळे पुढे.

नारायणपेठकरीण
+१. आणि भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला तो १९४६ लाच. १९७४ ला त्यांच्याविरुद्धची टेनिसच्या डेव्हिस कपची फायनल सोडली, कप हातात येऊ शकत असताना. तेव्हा कुणी खड्डे काढले नाहीत.

कोंढव्याचा भाडेकरू
अवांतर होईल, पण राहवत नाही.

पत्रं लिहा, जरूर लिहा. गेल्या जूनमध्ये माझ्या वर्गातल्या एका सुदानी मुलाला मी फ्लॅट शोधून देत होतो. अकरा ठिकाणं झाली. फोनवर सगळं ठरायचं, तो दारात उभा राहिला की "अहो, आत्ताच गेला बघा." एका सोसायटीत तर कमिटीची मीटिंग बसली. वास येतो म्हणे, रात्री जागतात म्हणे. त्या मीटिंगमध्ये एक काका होते, त्यांच्या झोळीवर मंडेलांचं चित्र. हात त्यांचाही वर गेला, विरोधात. झोळी खांद्यावरच होती.

बाणेरचे घरमालक
घर आमचं, कर्ज आमचं. तुम्हाला काय जातंय झोळी मोजायला? मी दिला होता एका आफ्रिकन मुलाला. तीन महिन्यांचं भाडं आणि लाइट बिल बुडवून गेला. बेसिनसुद्धा फोडलं.

कोंढव्याचा भाडेकरू
आधीच्या भाडेकरूने बुडवलं नव्हतं का? मागे कुठल्याशा धाग्यावर तुम्हीच रडला होतात, सांगलीचा होता तो. सांगली बंद केलीत?

बाणेरचे घरमालक
विषय भरकटवू नका. सांगलीच्या माणसाचं गाव माहीत असतं, बाप माहीत असतो.

चिंचवडचा फिटर
बाप माहीत असतो! हे झकास. मालक, २०११ ला मी कोथरूडात खोली बघायला गेलो. चहा आला, पोहे आले. मग पूर्ण नाव विचारलं. सांगितलं. पोह्यांची ताटली मी अर्धी खाल्लेली असताना त्या काकूंना एकदम आठवलं की पुतण्या येणार आहे राहायला. मी सुदानचा नाही हो, लातूरचा. बापाचं नाव तर आडनावाच्या आधीच सांगितलं होतं.

उगीच नाही १९७२ ला मुंबईच्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर नाव घेतलं. बाबासाहेबांनी तिथल्या काळ्यांचे विचारवंत नेते ड्यूबॉइस यांना पत्र लिहिलं १९४६ ला, तेही उगीच नाही. ज्याचं जळतं त्याला लांबचं जवळचं बरोबर कळतं.

बाणेरचे घरमालक
झालं, आणली जात! प्रत्येक धाग्यावर तेच रडगाणं. भाडं बुडवणाऱ्याला नाही म्हटलं की आम्ही लगेच वंशवादी.

चिंचवडचा फिटर
जात मी आणली नाही. पोह्यांबरोबर आली.

बाणेरचे घरमालक
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक
भाषा सांभाळा. भाड्याच्या घरांची चर्चा वेगळ्या धाग्यावर न्यावी.

कोंढव्याचा भाडेकरू
नेणार नाही. याच धाग्याचा विषय आहे तो.

टिंगरेनगरची
दोन दिवस नुसतं वाचतेय. माझे वडील तुरुंगात रक्षक होते, कुठल्या ते सांगत नाही. आवक टपालावर काही वर्षं त्यांची ड्यूटी होती. पाकिटं ब्लेडने उघडायची, वाचायची, शिक्का मारायचा, मग बराकीत. बाबा सांगायचे, एका कैद्याला परदेशातून पत्रं यायची. मोडकंतोडकं इंग्रजी, कुठे पोरांनी काढलेली घरं, मांजरं. त्यात काही म्हणजे काही नसायचं. पण त्याचा ताप चढला की डॉक्टर त्याच दिवशी यायचा. बाकीच्यांना सोमवारची वाट. साहेब म्हणायचे, "त्याला सांभाळा रे, त्याच्याकडे बघणारं कुणीतरी आहे."

कुलूप नाही उघडलं त्याचं. पूर्ण शिक्षा भोगून गेला.

पण बाबांना आठवायचे ते दुसरेच. ज्यांचं टपाल कधीच आलं नाही ते. कच्चे कैदी, जामिनाला माणूस नाही म्हणून पडलेले. आपल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चेच असतात.

हिशेबनीस (निवृत्त)
हे पटलं. म्हणजे माझाच मुद्दा झाला: त्या कच्च्यांना लिहा! पोस्टकार्ड पन्नास पैशांत जातं.

नारायणपेठकरीण
लिहू की. कुणी अडवलंय? तुम्ही या. (पन्नास पैशांचं कार्ड परदेशी चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक दिसतंय. आमच्यातल्या दोघांना नव्हतं, पहिल्या खेपेची कार्डं परत आली. हसा.)

आणखी एक सांगते, हसायला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात कैद्याला आलेलं मूळ पत्र त्याच्या हातात जातच नाही. २०१८ पासून टपाल फ्लोरिडात जातं, तिथे स्कॅन होतं आणि त्याला झेरॉक्स मिळते. तरी आमच्यातल्या एक आजी पानाच्या कोपऱ्यात कुयरी काढतात. काळ्या शाईने, म्हणजे स्कॅनमध्ये उठते.

हिशेबनीस (निवृत्त)
हसलो नाही. तरी माझं मत आहे तिथेच आहे: त्याने काही सुटत नाही. रविवारी किती वाजता असतं? पेन माझं मी आणीन. समाजवादावर भाषण झालं तर उठून जाईन.

कोंढव्याचा भाडेकरू
आणि त्या मुलाचं काय? तो अजून मित्राच्या खोलीत, तिघांत चौथा राहतोय.

नारायणपेठकरीण
आमच्या वरची खोली जानेवारीपासून रिकामी आहे. सासूबाईंशी बोलावं लागेल. बोलते.

चिंचवडचा फिटर
पुतण्या येणार नाहीये ना?